पिशवी काढायची का? आधी हे विचारा

वय ४१. पाळीत खूप रक्त जातं, सोनोग्राफीत फायब्रॉइडची गाठ आहे. डॉक्टर म्हणतात, पिशवी आणि अंडाशय दोन्ही काढू, म्हणजे कॅन्सरची भीती नको.

ताई, घाई करू नका. फायब्रॉइड सहसा कॅन्सरची गाठ नसते आणि पाळी गेल्यावर बहुधा आकसते. रक्तस्राव गोळ्यांनी किंवा हार्मोनच्या कॉपर-टीसारख्या साधनाने आटोक्यात येऊ शकतो. काही वेळा नुसती गाठ काढता येते. हिमोग्लोबिन मात्र आजच तपासा. निरोगी अंडाशय या वयात काढले तर पाळी एकदम बंद होते, हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. घरात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर असेल तर गोष्ट वेगळी. बीडमधल्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या कमी वयात काढल्याचं २०१९ मध्ये गाजलं, तेव्हाही अनेकींना हीच भीती घातलेली होती. याचा मला अजूनही राग येतो. तुम्ही दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांना जरूर दाखवा.

संमतीपत्रावर नवऱ्याची सही पुरते का?

नाही. तुम्ही सज्ञान आणि शुद्धीवर आहात, सही तुमचीच हवी. समिरा कोहली खटल्यात भूल दिलेली असताना आईची संमती घेऊन पिशवी आणि अंडाशय काढले होते. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती संमती ग्राह्य धरली नाही.

वडिलांच्या पित्ताशयात खडे आहेत. 'धोका अगदी कमी' म्हणजे किती?

आकडा मागा. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पित्तनलिकेला इजा साधारण हजारात ३ ते ५ जणांना होते. झालीच तर ती गंभीर असते, पुन्हा मोठं ऑपरेशन लागू शकतं. वडिलांची शुगर, हृदय, फुप्फुसं धरून त्यांचा धोका भूलतज्ज्ञांना विचारा. ऑपरेशन न केल्यास काय होईल, हेही विचारा. कधीच न दुखलेले खडे बहुतेकांना आयुष्यभर त्रास देत नाहीत. दुखणं, ताप किंवा कावीळ झाली असेल, तर थांबणंच धोक्याचं.

दुसरा सल्ला घ्यायचाय, पण फाईल मागितली की डॉक्टर रागावतील.

चांगले डॉक्टर रागावत नाहीत. लेखी मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रं देणं २००२ च्या वैद्यकीय नियमावलीनुसार बंधनकारक आहे. सीटी, एमआरआयची सीडी घ्या. बायोप्सी झाली असेल तर स्लाइडही मागा, नुसत्या रिपोर्टवर दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला काही ठरवता येत नाही. पहिल्यांनीच सुचवलेल्या डॉक्टरांकडे शक्यतो जाऊ नका. मात्र फुटलेलं अपेंडिक्स किंवा आतड्याला पडलेला पीळ असेल, तर दारोदार फिरू नका. तिथे तासागणिक धोका वाढतो.