जीवायसिक्स स्कूटरला ६१ मिमीचं किट टाकल्यावर इंजिन ओरडतं पण वेग येत नाही. क्लच आणि व्हेरिएटर कसे सेट करायचे?

तुम्ही दिलेली माहिती थोडक्यात अशी: जीवायसिक्स १५० इंजिन, ६१ मिमीचं किट (मोठा सिलिंडर आणि पिस्टन), बदललेला कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), मोकळा सायलेन्सर. सोबत एकदमच पुढच्या पुलीत, म्हणजे व्हेरिएटरमध्ये, ९ ग्रॅमचे रोलर, मागच्या पुलीवर २००० ची स्प्रिंग (आकडा जितका मोठा तितकी स्प्रिंग कडक) आणि क्लचमध्येही २००० च्याच स्प्रिंगा. आता गाडी निघताना थरथरते, फुल थ्रॉटलला इंजिन ८६०० आरपीएमवर अडकून ओरडतं आणि टॉप स्पीड कंपनीच्या गाडीपेक्षाही कमी मिळतो.

तुम्ही बदललेल्या तिन्ही वस्तू आरपीएम वरच ढकलतात, पण प्रत्येकीचं काम वेगळं आहे. रोलर ठरवतात की पळताना इंजिन किती आरपीएमवर राहील. मागची मोठी स्प्रिंग बेल्ट आवळून धरते. क्लचच्या स्प्रिंगा गाडी कधी उचलायची ते ठरवतात. एकीचं काम दुसरीकडून करून घ्यायला गेलं की बेल्ट जळतो. म्हणून तिन्ही वेगवेगळ्या सेट करायच्या, आणि एका वेळी एकच वस्तू बदलायची.

आधी कार्ब्युरेटर. किटनंतर मेन जेट (फुल थ्रॉटलला पेट्रोल किती जाईल ते ठरवणारा छिद्राचा स्क्रू) किटला जुळवून बसवलेला नसेल तर पुढचे सगळे आकडे फसवे येतील, कारण पेट्रोल कमी पडणारं इंजिन जोर लावतच नाही आणि रोलर कितीही बदलले तरी गाडी मंदच वाटते. शिवाय प्लगच्या वायरीला गुंडाळायचा साधा टॅकोमीटर (आरपीएम दाखवणारा मीटर) लावा. आवाजावरून आरपीएम ओळखण्यावर माझा विश्वास नाही, मोकळा सायलेन्सर असताना तर अजिबात नाही.

मग लक्ष्य ठरवा. जीवायसिक्स १५० कंपनीच्या अवस्थेत साधारण ७५०० आरपीएमच्या आसपास सर्वाधिक ताकद देतं. कॅम बदलला की हा आकडा वर सरकतो. कॅमच्या कागदावर तो दिला असेल तर तोच घ्या, नसेल तर ७८०० धरून सुरुवात करा. फुल थ्रॉटल दिल्यावर मधल्या वेगापासून टॉपपर्यंत सुई शक्यतो याच आकड्यावर स्थिर राहिली पाहिजे: वेग वाढतोय, आरपीएम तसाच. सीव्हीटी, म्हणजे बेल्ट आणि दोन पुल्यांची आपोआप गिअर बदलणारी यंत्रणा, बरोबर लागल्याची हीच खूण.

आता मागची २००० ची स्प्रिंग काढून १००० ची टाका. स्प्रिंग जितकी कडक, तितका बेल्ट पुढच्या पुलीत वर चढायला अडतो, बेल्ट तापतो आणि ताकद वाया जाते. तत्त्व एवढंच की बेल्ट घसरणार नाही इतपतच कडक स्प्रिंग ठेवायची. घसरत असेल तर मागच्या पुलीचे आतले चेहरे आरशासारखे चकचकीत होतात, कव्हरमध्ये काळी भुकटी साठते आणि कमी वेगात एकदम थ्रॉटल दिला की वेग न वाढता आरपीएम उसळतो. ही लक्षणं दिसली तरच १५०० वर जा. आणि हे १०००, १५०० आकडे सगळ्या कंपन्यांत एकसारखे नसतात. रंगांवर तर अजिबात जाऊ नका, एकाची पिवळी ती दुसऱ्याची पांढरी.

स्प्रिंग ठरली की रोलर. इथे अंदाजाऐवजी हिशेब चालतो. रोलरला बाहेर फेकणारा जोर वजनाच्या प्रमाणात आणि आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून:

नवीन वजन = आताचं वजन × (आताचा आरपीएम ÷ हवा तो आरपीएम)²

समजा मऊ स्प्रिंग टाकल्यावर ९ ग्रॅमच्या रोलरवर सुई ८४०० दाखवते आणि तुम्हाला ७८०० हवे आहेत. ९ × (८४०० ÷ ७८००)² म्हणजे साधारण १०.४ ग्रॅम. साडेदहाचे सहा रोलर मिळाले नाहीत तर १० आणि ११ ग्रॅमचे तीन-तीन घ्या आणि एकाआड एक बसवा, म्हणजे तोल बिघडत नाही. मापं मात्र एकच हवीत. जीवायसिक्स १५० ला १८×१४ मिमीचे रोलर लागतात. हिशेबाने तुम्ही जवळ पोचता. शेवटचा अर्धा ग्रॅम रस्त्यावर ठरतो: मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर दोन खुणांमधला वेळ मोजा, अर्धा ग्रॅम वर आणि अर्धा खाली करून पाहा आणि कमीत कमी वेळ देणारं वजन ठेवा. बेल्ट दहा मिनिटं चालून गरम झाल्यावरच मोजायचं. मधल्या स्टँडवर चाक फिरवून घेतलेला आकडा निरुपयोगी असतो, कारण चाकावर भारच नसतो.

सुई स्थिर न राहता मधेच खाली बसत असेल तर वजन बदलत बसू नका. रोलर सपाट झालेत का, व्हेरिएटरच्या आतल्या उतारांना खाचा पडल्यात का आणि मागच्या पुलीच्या तिरक्या खाचांमधल्या पिना मोकळ्या फिरतात का, ते बघा. चढावर भार वाढला की याच पिना पुलीचे दोन भाग जवळ ढकलतात आणि गिअर हलका होतो. त्या अडकल्या की गाडी चढाला दम टाकते. ग्रीस लागतं ते इथे: जास्त तापमान सहन करणारं, अगदी थोडं. तुमच्या इंजिनात रोलर कोरडेच बसवायचे. तिथलं ग्रीस उडून बेल्टवर गेलं की घसरण सुरू.

टॉप स्पीडचा खुलासा एका मार्कर पेनने होतो. पुढच्या पुलीच्या दोन्ही चेहऱ्यांवर मध्यापासून कडेपर्यंत सरळ रेघ मारा, कव्हर बंद करा, एकदा पूर्ण वेगाने जाऊन या आणि उघडून बघा. बेल्ट जिथपर्यंत चढला तिथपर्यंत रेघ पुसलेली असते. कडेला बोटभर शाई शिल्लक असेल तर इंजिनात दम असूनही शेवटचा गिअर तुम्हाला मिळतच नाहीये. तुमच्या गाडीत आत्ता हेच दिसेल अशी माझी जवळजवळ खात्री आहे. स्प्रिंग आणि रोलर सुधारूनही शाई राहिली तर बेल्टची रुंदी कॅलिपरने मोजा. ७४३-२०-३० किंवा ८४२-२०-३० यातला मधला आकडा रुंदीचा, म्हणजे २० मिमी. मिलिमीटरभर झिजलेला बेल्ट पुलीत खोल बसतो आणि वरपर्यंत पोचत नाही. व्हेरिएटरच्या बुशवर (तो ज्या नळीवर सरकतो तिच्यावर) कोणी जास्तीचा वॉशर टाकला असेल तरीही हेच होतं: सुरुवातीचा गिअर हलका मिळतो, शेवटचा जातो.

आता थरथर. क्लच शूला (फिरताना बाहेर सरकून ड्रमला धरणाऱ्या तुकड्यांना) बाहेर फेकणारा जोर फेऱ्यांबरोबर वाढतो, पण स्प्रिंग त्यातला एक हिस्सा कायम खात राहते. म्हणजे कडक स्प्रिंगेने क्लच नुसता उशिरा धरत नाही, धरल्यावरही त्याची पकड कमी असते. किटमुळे टॉर्क वाढलेला, पकड कमी झालेली; मग शू घासत राहतात, चकाकतात आणि ड्रम निळा पडतो. तुमच्या इंजिनाला खालच्या आरपीएमलाही पुरेसा जोर आहे. १००० च्या तीन नव्या स्प्रिंगा पुरतील, त्याही एकाच पाकिटातल्या. एक जुनी आणि दोन नव्या असं केलं तर एक शू आधी धरतो आणि थरथर तशीच राहते.

शू आणि ड्रमची चकाकी १०० नंबरच्या घासपेपरने तिरकी घासून काढा आणि ब्रेक क्लीनरने पुसा. मास्क घाला, भुकटी हवेच्या दाबाने उडवू नका. शू ज्या खिळ्यांवर फिरतात ते अडकलेले नाहीत ना, ते हाताने हलवून बघा. आत तेलाचा ओलावा दिसला तर आधी गिअरबॉक्सचं किंवा क्रँकचं सील बदला, नाहीतर सगळी मेहनत वाया. निळा पडलेला ड्रम वेडावाकडा झाला असेल तर घासून काही होणार नाही, बदलावाच लागेल.

क्लच खोलताना मधला मोठा नट सुटायच्या आधी स्प्रिंग दाबून धरणारं अवजार लावा. नट सुटला की स्प्रिंग सगळं तोंडावर फेकते.

पुन्हा बसवताना एका ठिकाणी फार जपा. पुढचा पंखा (पुढच्या पुलीचा पात्यांचा बाहेरचा चेहरा) लावताना बेल्ट ताणलेला असेल तर तो पंखा आणि बुश यांच्यामध्ये चिमटला जातो. नट घट्ट लागल्यासारखा वाटतो, पण तो बेल्टवर घट्ट झालेला असतो. पाच-दहा किलोमीटरमध्ये नट ढिला होतो आणि क्रँकच्या टोकावरचे दाते सोलून निघतात. यासाठी आधी मागची पुली हाताने फाकवून बेल्ट तिच्यात खोल ढकला, म्हणजे पुढे तो सैल पडतो. मग पंखा दात्यांवर पूर्ण बसून बुशला टेकलाय याची खात्री करा आणि टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्यावर नट आवळा. पंख्याच्या पात्यांत स्क्रू ड्रायव्हर अडकवू नका, पाती तुटतात. धरायचं अवजार वापरा. पहिल्या फेरीनंतर इंजिन थंड झालं की नट पुन्हा तपासा. कव्हर काढून इंजिन रेटू नका, बेल्ट तुटला तर तुकडे सरळ पायावर येतात.

फायनल गिअरला एवढ्यात हात लावू नका. रेघ कडेपर्यंत पुसली गेली आणि तरीही टॉपला आरपीएम लक्ष्याच्या बराच वर चढत राहिला, तरच उंच गिअरचा संच घ्या. त्याआधी घातला तर निघतानाचा जोर जाईल आणि क्लचवरचा ताण पुन्हा वाढेल.