मोहावी वाळवंट आणि मालगाड्या: चार दिवसांत फोटोंसाठी कुठे जावं?

तुम्ही विचारलंय की फेब्रुवारीत लॉस एंजेलिसहून गाडी घेऊन चार दिवस मोहावी वाळवंटात जायचंय, वाळवंट आणि रेल्वे दोन्ही टिपायचंय, तर कोणती ठिकाणं घ्यावीत. महिना उत्तम निवडलात. उन्हाळ्यात तिथे पारा ४० अंशांच्या वर असतो. पण ठिकाणं मोजकीच घ्या. मालगाड्यांना प्रवाशांसाठी छापलेलं वेळापत्रक नसतं, त्यामुळे गाडीमागे धावणाऱ्याच्या हाती फारसं काही लागत नाही. जागा आणि उजेड आधी ठरवा, गाडी आपोआप येते.

पहिले दोन दिवस अँबॉय या छोट्याशा वस्तीच्या आसपास द्या. जुन्या रूट ६६ महामार्गाच्या जवळून बीएनएसएफ या रेल्वे कंपनीची मुख्य लाइन जाते आणि तिच्यावर दिवसभर कंटेनरच्या गाड्या धावतात. रेल्वेने इथल्या स्टेशनांना इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने नावं दिली: अँबॉय, ब्रिस्टल, केडिझ, डॅनबी, पुढे फेनर, गॉफ्स. नकाशावर हा क्रम बघायला मला अजूनही मजा येते.

इथे रूळ साधारण पूर्व-पश्चिम आहेत आणि हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला असतो. म्हणून रुळांच्या दक्षिणेला उभे राहा. सकाळी पूर्वेकडे निघालेल्या गाडीच्या तोंडावर ऊन असतं, दुपारनंतर पश्चिमेकडे जाणाऱ्या गाडीच्या. उलट दिशेची गाडी आली तरी कॅमेरा खाली ठेवू नका. मावळतीचं ऊन डब्यांच्या कडेवरून घसरतं तेव्हा अख्खी गाडी एका चकचकीत रेघेसारखी दिसते. इथली हवा इतकी स्वच्छ असते की इंजिनाचा दिवा बराच आधी दिसतो. तो नुसता थरथरणारा ठिपका असतो, जागचा हलतच नाही असं वाटतं, आणि मग रूळ गुणगुणायला लागतात. जमीन तापली की हाच थरथराट लांब लेन्सच्या फोटोचा घात करतो, म्हणून ४०० मिमीचं काम सकाळीच उरका. भर दुपारी अँबॉय क्रेटरची चढण चढा. हा निवलेला ज्वालामुखी आहे, वरून कोरडं ब्रिस्टल सरोवर दिसतं आणि रेल्वेची लाइन किती एकाकी आहे ते कळतं.

तिसरा दिवस केल्सोचा. हे ठिकाण मोहावी नॅशनल प्रिझर्व्ह या संरक्षित क्षेत्रात येतं. प्रवेश फी नाही, पण ड्रोनला बंदी आहे आणि आत पेट्रोल पंपही नाही. इथून युनियन पॅसिफिक या दुसऱ्या रेल्वे कंपनीची लाइन सिमा या ठिकाणापर्यंत जवळजवळ ३० किलोमीटरमध्ये ६०० मीटर चढते. गाड्या कमी, पण चढावर त्या इतक्या सावकाश येतात की फ्रेम दोनदा बदलता येते. पिवळी इंजिनं आणि मागे जांभळे डोंगर, हा मेळ मला सगळ्यात आवडतो. सिमाजवळ २०२० च्या वणव्यात जळालेली जोशुआ झाडं उभी आहेत. तीही टिपा, ती या वाळवंटाचीच आजची गोष्ट आहे. पहाट केल्सोच्या वाळूच्या टेकड्यांवर घालवा. वाळू कोरडी असेल तर उतारावरून घसरताना ती अक्षरशः घुमते. वारा सुटला की लेन्स मात्र बदलू नका.

चौथ्या दिवशी तेहाचापी लूप हा रेल्वेचा वळसा बघा. १८७६ मध्ये पूर्ण झालेल्या या वळशात रूळ २३ मीटर चढून स्वतःलाच ओलांडतात. सव्वा किलोमीटरपेक्षा लांब गाडी आली की तिचं इंजिन तिच्याच शेपटावरून जातं. सार्वजनिक रस्त्यावरून लूप छान दिसतो. काहोन खिंड परतीच्या वाटेवर जमली तर घ्या, नाहीतर सोडा.

रुळांलगतची जमीन रेल्वे कंपन्यांची खासगी मालमत्ता आहे, तिथे पाय ठेवणं हा गुन्हा आहे. फोटो सार्वजनिक रस्त्यावरूनच काढा, फाटकाजवळही रुळांपासून लांब उभे राहा. कंटेनरच्या गाड्या ताशी ११० किलोमीटरपर्यंत धावतात, आणि वारा उलटा असेल तर आवाज फार उशिरा येतो. शटर १/१००० च्या खाली नेऊ नका.

माणशी रोजचं चार लिटर पाणी गाडीत ठेवा आणि नकाशे आधीच डाउनलोड करा, बऱ्याच भागात मोबाइलला रेंज नसते. अँबॉयच्या पूर्वेला रूट ६६ चे जुने लाकडी पूल दुरुस्तीसाठी बंद असू शकतात, म्हणून मुक्काम ठरवण्याआधी काउंटीची रस्त्यांची माहिती बघून घ्या.