सुनेने मासे सोडले, सासूबाईंनी बोलणं

‘मांसाहार सोडू का?’ हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे एकटा कधी येत नाही. अशक्तपणा येईल का, बाळाच्या वेळी अडचण होईल का, घरचे काय म्हणतील, अशी रांगच त्याच्या मागे उभी असते. अलीकडे त्यात व्हिगन होण्याची भर पडली आहे. म्हणजे मांस, मासे, अंडी तर नाहीतच, शिवाय दूध, दही, तूप आणि मधही नाही. डोंबिवलीच्या एका कुटुंबाचा अनुभव सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती तिशीतली, नोकरी करणारी. माहेर आणि सासर दोन्ही सिंधुदुर्गातलं. कोंबड्यांच्या पिंजऱ्यांचा एक व्हिडिओ पाहून तिने आधी चिकन सोडलं, मग अंडी, मग मासे. या सगळ्याला वर्ष होऊन गेलं होतं. आता दूधही सोडायचं तिच्या मनात होतं, आणि वर्षभरात बाळाचा विचारही होता. आईचे इशारे, मैत्रिणींचे सल्ले आणि मोबाइलवरची उलटसुलट माहिती यांनी ती भंजाळून गेली होती. सासूबाई तर कामापुरतंच बोलत होत्या. नवऱ्याने मला फोनवर सांगितलं, “मॅडम, तुम्हीच काय ते समजवा.” कोणाला, ते काही त्याने सांगितलं नाही.

काय सोडायचं याआधी का सोडायचं, हे मी विचारते. कारणावरून पुढची वाट ठरते. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल वाढल्याचं सांगितलं असेल, तर मटण आणि तळलेलं कमी करून भागतं, दह्याशी भांडण नसतं. वारीला जाणाऱ्या घरात गळ्यात तुळशीची माळ आली की मटण का नको, असं कोणी विचारतही नाही, उलट मान मिळतो. हिचं कारण जिवांच्या दयेचं होतं, पण गळ्यात माळ नव्हती. घराला ओळखीचं असं कोणतंही कारण तिच्यापाशी नव्हतं, म्हणून ते सगळ्यांना खूळ वाटत होतं. मला ते खूळ वाटलं नाही. वर्षभर टिकलेली गोष्ट सहसा खूळ नसते.

दुसरा एक प्रश्न मी प्रत्येकीला विचारते, विशेषतः कॉलेजच्या मुलींना: ताटातून आणखी काय काय गेलंय? मांस गेलं, मग दूध, मग भात, मग तेल, मग सगळ्यांसोबत जेवायला बसणंच नको, पाळी अनियमित आणि वजनकाटा दिवसातून चारदा, असं चित्र असेल तर प्रश्न शाकाहाराचा नसतो. उपासमारीला तत्त्वाचं नाव दिलेलं असतं आणि तिथे आहारतक्त्याआधी मानसोपचारतज्ज्ञांची गरज असते. हिच्या बाबतीत तसं काही नव्हतं. फणसाची भाजी आणि भाकरी यावर ती भरभरून बोलत होती.

शरीराचं काय, हे मी माझ्या अंदाजावर ठेवत नाही. तिला डॉक्टरांकडे आणि आमच्या ओळखीच्या आहारतज्ज्ञ ताईंकडे पाठवलं. हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा), ड आणि बी-12 ही जीवनसत्त्वं अशा तपासण्या झाल्या. प्रथिनांची भीती सर्वांना असते, पण ती बहुधा सर्वात सोपी गोष्ट. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020च्या शिफारशीनुसार दर किलो वजनामागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात. 55 किलोच्या बाईला साधारण 46 ग्रॅम. 30 ग्रॅम कच्च्या डाळीत सातेक ग्रॅम मिळतात. भाकरी, उसळ, शेंगदाणे, सोयाबीन धरून हिशोब जमतो, फक्त ताटात वरणाचं पाणी नव्हे तर डाळ हवी. लोहासाठी उसळीवर लिंबू पिळायचं आणि जेवणावर लगेच चहा घ्यायचा नाही. बदामाचं दूध म्हणून जे डब्यात मिळतं त्यात प्रथिनं बहुतेक नावालाच असतात, त्यापेक्षा सोयाचं दूध बरं.

बी-12चा मामला वेगळा आहे. ते वनस्पतींत भरवशाचं मिळत नाही. इडलीचं पीठ आंबवलं म्हणून किंवा स्पिरुलिना नावाचं शेवाळ खाल्लं म्हणून ही गरज भागत नाही. यकृतात त्याचा साठा असतो, त्यामुळे सोडल्यावर महिनोन् महिने, कधी काही वर्षंही, काहीच जाणवत नाही. मग ‘मला तर काही झालं नाही’ असं म्हणणारी व्यक्ती हातापायाला मुंग्या येतात म्हणून तक्रार घेऊन येते. बाळाचा विचार असेल तर हे आणखी महत्त्वाचं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर बायकांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यात जवळजवळ दोन तृतीयांश बायकांचं बी-12 कमी निघालं, आणि त्या काही व्हिगन नव्हत्या. गरोदरपणात फॉलिक अ‍ॅसिड भरपूर पण बी-12 कमी, अशा आयांच्या मुलांमध्ये पुढे शरीराने इन्सुलिनला दाद न देण्याची, म्हणजे मधुमेहाकडे नेऊ शकणारी, प्रवृत्ती जास्त दिसली. म्हणून दूध सोडणारीने बी-12ची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने कायमची धरायची. यात मी घासाघीस करू देत नाही.

तिचं बी-12 कमीच आलं. सासूबाईंना हे कळल्यावर काय होईल याची तिला धास्ती होती. म्हणून पुढच्या भेटीला मी दोघींना एकत्र बोलावलं.

सासूबाई आल्या त्या पदर खोचूनच. अपेक्षेप्रमाणे “बघा, मासे सोडले म्हणून” इथून सुरुवात झाली. मी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि विचारलं, “ती जेवत नाही याचं वाईट वाटतं, की तुम्ही केलेलं जेवत नाही याचं?” थोडा वेळ त्या गप्प राहिल्या. मग सुनेकडे वळून म्हणाल्या, “म्हणजे आमी इतकी वर्सां घाणच खाल्ली मगे?”

खरं दुखणं हे होतं. मुंबईच्या आसपास मासे खाणाऱ्यांना घर भाड्याने नाकारणाऱ्या सोसायट्या आहेत. जिन्यात सुकटीचा वास आला म्हणून नाक मुरडणारे शेजारी आहेत. आयुष्यभर हे झेललेल्या बाईच्या घरात सूनच एक दिवस कढई वेगळी मागते आणि फ्रिजमध्ये बांगडा नको म्हणते, तेव्हा तिला पिंजऱ्यातली कोंबडी दिसत नाही, ती नाकारणारी सोसायटी दिसते. ‘शुद्ध शाकाहारी’ अशी पाटी आपल्याकडे सर्रास दिसते. समोरच्याचं ताट त्याच क्षणी अशुद्ध ठरतं, हे पाटी लावणाऱ्याच्या गावीही नसतं. सुनेने तो शब्द कधी वापरला नव्हता. पण मासे करायच्या दिवशी ती नाकाला रुमाल लावायची. ते पुरेसं होतं.

तिने तिथेच सांगितलं की वास सहन होत नाही हे खरं, पण घाण वाटते म्हणून नाही, लहानपणी आवडायचे म्हणूनच त्रास होतो. हे सासूबाईंनी आधी कधी ऐकलेलं नव्हतं.

मग मी दोन गोष्टी वेगळ्या करायला सांगितल्या: तिचं ताट आणि घराचं स्वयंपाकघर. ताटावर तिचा हक्क पूर्ण. स्वयंपाकघर सगळ्यांचं, तिथे वाटाघाटी. आणि वाटाघाटी या घरांना नव्या नाहीत. सोमवार, गुरुवार, शनिवार पाळणारी, श्रावणभर मासे न आणणारी घरं आठवड्याचा निम्मा भाग शाकाहारीच असतात. फरक एवढाच की वार सगळे मिळून पाळतात.

गंमत पुढेच आली. दूध नाही तर ही खाणार काय, असं सासूबाईंनी विचारलं, आणि उत्तरही त्यांनीच द्यायला सुरुवात केली. काळ्या वाटाण्याचं सांबार, कुळथाची पिठी, घावणे, नारळाच्या रसाची सोलकढी. त्यांच्या लहानपणी दूध चहापुरतंच असायचं, सगळं कालवण नारळावर. मासे बाजूला काढले तर मालवणी स्वयंपाक तूप-ताकावर चालणाऱ्या शाकाहारी घरांपेक्षा व्हिगन जेवणाच्या जास्त जवळ आहे, हे माझ्याही तेव्हा लक्षात आलं. अर्थात त्या जेवणात कॅल्शियम आणि बी-12 काट्यासकट खाल्लेल्या सुक्या मासळीतून यायचं. ती गेली की नाचणी, तीळ आणि गोळी हवीच.

जाता जाता मी सासूबाईंना मधुमेहाचं औषध विचारलं. मेटफॉर्मिन, कित्येक वर्षं. त्यानेही बी-12 कमी होऊ शकतं, म्हणून त्यांनाही तपासणी सुचवली. त्यांचंही कमी निघालं, मासे खाऊनसुद्धा. तेव्हापासून “मासे सोडले म्हणून” हे वाक्य बंद झालं.

सध्या ती मांस, मासे, अंडी खात नाही. दूध आणि चीज सोडलं आहे, पण दही-ताक बाळ होईपर्यंत ठेवायचं असं तिने स्वतःच ठरवलं. व्हिगन राहूनही गरोदरपण नीट पार पडू शकतं, असं आहारतज्ज्ञ ताईंनी सांगितलं होतं. त्यासाठी गोळ्या आणि तपासण्या काटेकोर हव्यात, आणि तेवढी धावपळ आत्ता तिला नको होती. काही जण याला अर्धवटपणा म्हणतील. मी म्हणणार नाही. सहा महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायचं आहे, दोघींचं एकाच दिवशी.

मासे आता बुधवारी आणि रविवारी होतात, खिडकी उघडी ठेवून, वेगळ्या कढईत. रविवारचे सासूबाई करतात. बुधवारचे ज्याला हवेत त्याने स्वतः आणायचे, साफ करायचे आणि ओटाही धुवायचा, असं दोघींनी मिळून ठरवलं. पहिल्याच बुधवारी नवऱ्याचा फोन आला, बोंबलाचं डोकं कुठून कापायचं ते विचारायला. मी सासूबाईंचा नंबर लावायला सांगितलं.