आधी बूट, मग कॉर्सेट

प्रश्न : ताई, आमच्या कॉलेजच्या एकांकिकेत १८६० च्या सुमाराचं लंडन आहे आणि मी घरमालकीण करतेय. ऑनलाइन मागवलेला कॉर्सेट (कंबर आवळायचा पट्ट्या घातलेला, नाड्यांचा आतला कपडा) घालून तालमीत मला चक्करच आली. त्यावर दिग्दर्शक म्हणतो, त्या बायका तर बारीक कमरेसाठी बरगड्या कापून घ्यायच्या, तुला एवढं जमत नाही? खरंय का हे? आणि आत नक्की काय काय घालायच्या? – गंगापूर रोड

उत्तर : दिग्दर्शकाला सांग, थाप आहे ती. अगं भूल देऊन ऑपरेशन करणं सुरू झालं १८४६ मध्ये आणि जखमेत जंतू जाऊ नयेत म्हणून काय करायचं ते लिस्टर नावाच्या सर्जनने मांडलं १८६७ ला, मग त्याआधी नुसत्या कमरेसाठी कोण बरगडी कापून घेणार आणि घेतली तरी वाचणार कोण! कॉर्सेट करकचून आवळणाऱ्या होत्या, नाही असं नाही, तेव्हाचे डॉक्टर त्यावरून ओरडायचेही, पण रोज घरकाम करणारी बाई श्वास घेता येईल इतपतच बांधायची. पाठीमागे दोन-तीन बोटं फट राहिली तरी चालायचं. मोलकरीण पाठीत गुडघा रोवून नाड्या ओढतेय, हा सीन सिनेमावाल्यांचा, कारण तोवर पुढून हुकांची पोलादी पट्टी आलेली होती, बाई आपली आपण घालू शकायची.

तो तुला टोचतही असेल, तर ते त्यातल्या प्लास्टिकच्या पातळ पट्ट्यांमुळे. माझ्याकडे मागच्या वर्षी एक आला होता दुरुस्तीला, कमरेपाशी पट्टी एल आकारात मोडलेली आणि टोक कापड फाडून बाहेर, त्या पोरीच्या काखेखाली लाल वळ. तेव्हा पट्ट्या असायच्या पोलादाच्या नाहीतर देवमाशाच्या, म्हणजे हाड नव्हे हं, त्याच्या तोंडात पाणी गाळायला ज्या झालरी असतात त्या, अंगाच्या उबेने त्या मऊ होऊन शरीराचा आकार घ्यायच्या. तू नाशिकच्या भद्रकालीत इलेक्ट्रिकच्या दुकानातून जाड, रुंद केबल टाय (वायरी बांधायच्या पट्ट्या) आण, टोकं गोल काप, मेणबत्तीवर जरा वितळवून गुळगुळीत कर आणि त्या घाल. आम्ही तेच करतो.

आणि उघड्या अंगावर कॉर्सेट कधीच नाही. सगळ्यात आत सुती शेमीज (लहानपणी फ्रॉकच्या आत शमीज घालायचो ना, तोच शब्द). मला तर सगळ्यात शहाणपणाचा कपडा तोच वाटतो. कॉर्सेट आणि वरचा रेशमी ड्रेस धुता येत नसे, मग घाम टिपायला शेमीज, ती उकळत्या पाण्यात घालायची, बदडायची, वाळवायची. पैठणी आपण कुठे दर वेळी धुतो, ब्लाउजला आतून अस्तर लावतो, तसंच. मग ड्रॉवर्स (आतला सैल चोळणा), गुडघ्यापर्यंत मोजे, आणि बूट आत्ताच घाल बरं का, कॉर्सेट चढला की वाकता येत नाही, हे मी स्वतः फजिती करून घेऊन शिकलेय. त्यावर कॉर्सेट, मग क्रिनोलीनचा पिंजरा (घेर फुलवणारा कड्यांचा सांगाडा), त्यावर परकर आणि शेवटी ड्रेस.

प्रश्न : टीव्हीवर बघते तेव्हा हाच विचार येतो, विचारू की नको वाटत होतं. एवढं सगळं घालून त्या बायका लघवीला कशा जायच्या? – पंचवटी, वय ६८

उत्तर : काकू, लाजताय काय, सगळ्यांना हेच विचारायचं असतं. ड्रॉवर्स म्हणजे दोन वेगळे पाय, वर कंबरपट्टीला जोडलेले, मधे शिवणच नाही! घेर उचलायचा, भांड्यावर बसायचं, काही सोडायला नको. आपल्याकडे नऊवारीतही काष्टा न सोडता बायकांचं भागायचंच की.

प्रश्न : क्रिनोलीन खरंच इतका जड होता का? – इंदिरानगर

उत्तर : उलट! १८५६ मध्ये पोलादी कड्यांचा पिंजरा आला तो हलका म्हणूनच खपला, त्याआधी घेर फुलवायला पाच-सहा परकर एकावर एक घालायच्या. तरी आतल्या कपड्यांचं ओझं राहिलंच, कारण १८८१ ला लंडनमध्ये बायकांचे कपडे सुटसुटीत व्हावेत म्हणून रॅशनल ड्रेस सोसायटी निघाली तिचं म्हणणं होतं की आतले कपडे सात पौंडांपेक्षा जास्त नकोत. सात पौंड म्हणजे सव्वातीन किलोच्या आसपास, आणि ही सुधारकांची मर्यादा!

खरा घात आगीने व्हायचा. घेर केवढा आहे ते घालणारीला कळायचं नाही आणि शेकोटीची ठिणगी लागली की आतल्या हवेने क्षणात भडका. लेखक ऑस्कर वाइल्डच्या दोन सावत्र बहिणी १८७१ मध्ये अशाच कपडे पेटून गेल्या. त्यामुळे वरच्या एकांकिकावाल्यांनो, तुमच्या सेटवर मेणबत्त्या असतील तर बॅटरीच्याच ठेवा. आणि खुर्चीत बसताना मागची कडी हाताने किंचित वर घ्यायची, तशीच दाबून बसलीस तर पुढचा घेर थेट नाकापर्यंत येतो आणि पहिली रांग ड्रॉवर्स बघते.