अंक कोणता, पान कोणतं?

प्रिय मित्रा,

पत्र मिळालं. २०२५चा ‘सुपरमॅन’ तुला मनापासून आवडला आणि थिएटरच्या पायऱ्या उतरेपर्यंत तुझ्या जाणकार मित्रांनी ‘हा खरा सुपरमॅनच नव्हे, कॉमिक्समध्ये असलं काही नाही’ म्हणत तुला गप्प केलं. आता चित्रपटावर लिहायचंय, पण आपलं वाचन तोकडं आहे या धास्तीने हात चालत नाही. धीर देण्यात मी वेळ घालवत नाही. एकच गोष्ट सांगतो आणि पत्र संपेपर्यंत तीच सांगत राहणार आहे. जो कोणी ‘कॉमिक्समध्ये असं नाही’ म्हणेल त्याला विचार: अंक कोणता, पान कोणतं? तू स्वतः ‘कॉमिक्समध्ये असंच आहे’ म्हणशील तेव्हा स्वतःलाही हेच विचार.

सुरुवात सगळ्यात जुन्या अंकापासून करू. ‘ॲक्शन कॉमिक्स’ अंक १, जून १९३८, सुपरमॅनचे निर्माते जेरी सीगल आणि जो शुस्टर. पहिल्याच पानावर जन्मकथा उरकली आहे. त्यात क्रिप्टन हे त्याच्या जन्मग्रहाचं नाव नाही. त्याला कॅन्ससच्या शेतावर वाढवणारं केंट दांपत्य नाही. रस्त्याने जाणाऱ्या एका मोटारवाल्याला बाळ सापडतं आणि तो ते अनाथालयात देतो. हा सुपरमॅन उडत नाही, उड्या मारतो: एका झेपेत मैलाचा आठवा भाग. तोफेचा गोळा फुटला तर त्याची कातडी फाटू शकते. ‘मुळाशी प्रामाणिक’ राहायचं तर उडणं काढून टाकावं लागेल, कॅन्ससचं शेतही काढावं लागेल. आहे कुणाची तयारी?

पुढच्याच वर्षी ‘सुपरमॅन’ अंक १ मध्ये केंट दांपत्य येतं, आणि त्याच अंकात दोघं मरतातही. ते पुढेही जिवंत राहावेत असं ठरलं १९८६ मध्ये, लेखक-चित्रकार जॉन बर्नच्या ‘द मॅन ऑफ स्टील’ या कॉमिक्समध्ये. तू पाहिलेल्या चित्रपटातले फोनवर मोठमोठ्याने बोलणारे आई-बाबा या दुसऱ्या फांदीचे. सुपरमॅनच्या वर्तमानपत्रातले सहकारी जिमी ऑल्सन आणि संपादक पेरी व्हाइट यांची नावं १९४० च्या रेडिओ मालिकेतून कॉमिक्समध्ये आली. क्रिप्टोनाइट, म्हणजे त्याला दुबळं करणारा दगड, तोही आधी रेडिओवर, १९४३ मध्ये; कॉमिक्समध्ये तो पोचला १९४९ मध्ये, ‘सुपरमॅन’ अंक ६१. म्हणजे तुझे मित्र ज्याला शुद्ध म्हणतात ते सुरुवातीपासूनच उसनवारीवर चाललेलं आहे. हे त्यांना सांगितलंस तर चिडतील. चिडू देत. फक्त सांगताना अंक सांग.

‘सुपरमॅनमध्ये राजकारण कशाला घुसडलं’ ही तक्रारही तू कळवली आहेस. तिचं उत्तर तर पहिल्या दोन अंकांतच आहे. पहिल्या अंकात तो बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला हाणतो आणि वॉशिंग्टनमध्ये लाचखोर सिनेटरच्या मागे लागतो. दुसऱ्या अंकात तो युद्ध करणाऱ्या दोन सेनापतींना समोरासमोर उभं करून म्हणतो, आता तुम्हीच लढा. तेव्हा आपण का लढतोय हे दोघांनाही सांगता येत नाही. चित्रपटात शेजारी देशावर चढाई करणाऱ्या देशाचं बोराव्हिया हे नावसुद्धा १९३९ च्या ‘सुपरमॅन’ अंक २ मधलं आहे. ज्याला हे आवडत नाही त्याने ‘मला आवडत नाही’ असं म्हणावं. तो त्याचा हक्क आहे. कॉमिक्सच्या नावाने पावती फाडू नये.

आता कामाचं. अंक सांगायचा म्हणजे नेमकं काय सांगायचं, इथेच नवखे घसरतात.

नुसतं ‘ॲक्शन कॉमिक्स १’ पुरत नाही. २०११ मध्ये ही मालिका पुन्हा एकपासून मोजायला घेतली आणि २०१६ मध्ये जुन्या मोजणीवर परत येऊन ९५७ वा अंक काढला. ‘सुपरमॅन’ मालिकेचं तर १९८७ मध्ये असं झालं की जुनी मालिका अंक ४२४ पासून ‘ॲडव्हेंचर्स ऑफ सुपरमॅन’ या नावाने चालू राहिली आणि ‘सुपरमॅन’ नावाची नवी मालिका एकपासून निघाली. म्हणून मालिका, अंक आणि वर्ष ही तिन्ही एकत्र लिही. वर्षातही मेख आहे. मुखपृष्ठावरचा महिना विक्रीच्या महिन्याच्या पुढचा असतो. जून १९३८ चा अंक एप्रिलमध्येच विकायला आला होता. कोणता महिना धरलास ते एकदा ठरव आणि शेवटपर्यंत तोच धर.

संग्रहातून वाचत असशील तर संग्रहाचा पानक्रमांक देऊ नकोस, दुसऱ्या आवृत्तीत तो बदलतो. जाहिराती वगळून त्या अंकातल्या कथेची पानं मोज. जाडजूड बांधणीच्या संग्रहात मधल्या घडीत चित्र गिळलं जातं, तेव्हा दोन पानांवर पसरलेल्या चित्रावर मत देण्याआधी ते सुट्या अंकात किंवा पडद्यावर अख्खं बघ. जुन्या कॉमिक्सचे रंगही गुळगुळीत कागदावर भडक दिसतात, कारण ते स्वस्त, शाई शोषणाऱ्या कागदासाठी निवडलेले होते. ‘त्या काळी रंग किती बटबटीत होते’ असं लिहिण्याआधी कागद कोणता ते बघ. छपाईचा हिसका केवढा असतो ते हल्कला, त्या दुसऱ्या कॉमिक्समधल्या हिरव्या राक्षसाला विचार. १९६२ च्या पहिल्या अंकात तो राखाडी होता, पण राखाडी रंग पानोपानी वेगळा उमटायला लागला, म्हणून पुढच्या अंकात त्याला हिरवा केला.

मुखपृष्ठ हा पुरावा नाही. हे दोनदा वाच. पन्नास-साठच्या दशकांत कित्येकदा मुखपृष्ठ आधी ठरायचं आणि कथा त्यावर बेतली जायची. ‘सुपरमॅन किती दुष्ट होता बघा’ म्हणून फिरणारी चित्रं बहुधा तिथलीच असतात. आत चार पानांवर त्याचा खुलासा असतो. सुट्या चौकटीवर मत ठोकून देणं ही आमच्या पिढीने लावलेली खोड आहे. आम्ही अर्धं कॉमिक्स ऐकीव चालवलं आणि वर पंडित म्हणून मिरवलो. त्याची मला लाज वाटते. म्हणून हा हट्ट धरलाय, आणि तो तुझ्या गळ्यात मारतोय हेही कळतंय मला.

वाचायचं कसं? तीनदा. एकदा कथेसाठी. दुसऱ्यांदा संवादाचे फुगे हाताने झाकून, नुसती चित्रं. तिसऱ्यांदा पान उलटण्याची जागा बघत. छापील अंकात पहिलं पान उजवीकडे असतं, दोन आणि तीन समोरासमोर. म्हणून धक्का द्यायचा असेल तर लेखक तो सम क्रमांकाच्या पानावर ठेवतो, कारण ते उलटेपर्यंत दिसत नाही. फोनवर एकेक चौकट मोठी करून दाखवणारी सोय असते, ती बंद कर. तिच्यात पान नावाची गोष्टच उरत नाही.

उदाहरणाला ‘ऑल-स्टार सुपरमॅन’ अंक १ घे, लेखक ग्रँट मॉरिसन आणि चित्रकार फ्रँक क्वाइटली. २००५ ते २००८ मध्ये निघालेल्या बारा अंकांतला पहिला. पान पहिलं: चार चौकटी, इंग्रजीत मोजून आठ शब्द. फुटणारा ग्रह. हताश आई-बाप. निघालेलं यान. आणि चौथ्या चौकटीत खाली वाकून बघणारे दोन प्रेमळ चेहरे, म्हणजे आपण बाळाच्या जागी आडवे. बस, जन्मकथा संपली. पान उलटलं की दोन्ही पानं भरून सूर्य, आणि त्याच्यासमोर उडणारा तो. बाळाच्या डोळ्यांतून थेट सूर्यापाशी, आणि मधला सगळा काळ त्या एका पानाच्या जाडीत मावलाय.

आता चित्रपटाची सुरुवात आठव. जन्मकथा दाखवतच नाहीत. तीन शतकांपूर्वी, तीन दशकांपूर्वी, तीन वर्षांपूर्वी, असं उतरत उतरत तीन मिनिटांपर्यंत येतात, आणि तो थेट बर्फात आदळतो. पान उलटणं पडद्याला जमत नाही, कारण तिथे वेग प्रेक्षकाच्या हातात नसतो. म्हणून तेच काम उतरत्या मोजणीवर सोपवलं. तू लिहायचंस ते हे. चित्रपटातल्या सुपरमॅनच्या कुत्र्याच्या अंगरख्याचा लाल बरोबर आहे का, याच्यावर नव्हे. (क्रिप्टो कुत्रा ‘ॲडव्हेंचर कॉमिक्स’ अंक २१०, मार्च १९५५. विचारतीलच, म्हणून देऊन ठेवतो.)

लिहायला बसशील तेव्हा तीनच प्रसंग घे. पाच नको, पसरट होतं. पहिल्यांदा बघताना काहीच टिपू नकोस. दुसऱ्यांदा बघून आल्यावर वहीत डावीकडे प्रसंग लिही, उजवीकडे मालिका, अंक, वर्ष, पान. उजवी बाजू रिकामी राहिली तर ‘अंक सापडला नाही’ असं सरळ लिही, वाचकाला त्यात काही वावगं वाटत नाही. ‘कॉमिक्सप्रेमींना आठवेल’ असलं काही लिहून ती जागा भरलीस तर मी पुढे वाचणार नाही.

आणि श्रेयनामावली संपेपर्यंत उठू नकोस. सीगल आणि शुस्टर यांनी हे पात्र १३० डॉलरना विकलं, आणि त्यांचं नाव निर्माते म्हणून कायमचं लागायला १९७५ साल उजाडावं लागलं.

राहता राहिलं माझं मत, तू विचारलंयस म्हणून. मला चित्रपट आवडला, एक गोष्ट सोडून. जन्मदात्या आई-बापांच्या निरोपाचा हरवलेला अर्धा भाग सापडतो आणि त्यात ‘तिथल्या लोकांवर राज्य कर’ निघतं, ते मला पटलेलं नाही. माझा आधार: ‘ऑल-स्टार’ अंक १, पान १, चौकट २. ते दोन चेहरे राज्य करायला मुलगा पाठवणाऱ्यांचे नाहीत. तू लगेच १९८६ चा ‘द मॅन ऑफ स्टील’ अंक १ काढशील, तिथला थंडगार क्रिप्टन दाखवशील, जिथे माणसं एकमेकांना हातसुद्धा लावत नाहीत आणि मूल यंत्रात वाढतं. काढ. तो अंक माझ्या विरोधात जातो हे मला मान्य आहे. माझ्याच नियमाने मी अर्धा हरतो. तरी दुसरी चौकट मी सोडणार नाही. त्या बाईची नजर बघ, मग बोलू.

मसुदा पाठव. राक्षसी जनावराशी झुंजताना तो मध्येच एका खारीला वाचवतो, तो प्रसंग तू घेणार हे मला माहीत आहे. त्याच्यासमोर उजवीकडे काय लिहितोस तेवढं मी आधी बघेन.

तुझा,
एक जुना वाचक