हलावं काय, थांबावं काय?

शास्त्रीय आकृत्या ॲनिमेशननं स्पष्ट कशा करता येतील, याविषयी सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या वाचकांनी विचारलेले प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : ऑगस्ट २०१९च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी कशी चढली-उतरली, याचा आलेख व्याख्यानासाठी हलता केला. १ ते १५ ऑगस्टच्या तासातासाच्या नोंदी हाताशी आहेत. पातळीची रेषा, पावसाचे स्तंभ आणि कोयनेचा विसर्ग तिन्ही एकदम पुढे सरकतात, उभा अक्ष आपोआप जुळवून घेतो, एकूण वेळ ८ सेकंद. विद्यार्थ्यांना मात्र ‘पाणी वाढलं’ यापलीकडे काही सांगता येत नाही.
– भूगोलाच्या प्राध्यापिका, सांगली

उत्तर : सगळ्यात मोठी चूक उभ्या अक्षाची आहे. तो आपोआप जुळवून घेऊ लागला की रेषेचं टोक कायम चौकटीच्या वरच्या कडेला चिकटून राहतं आणि ४० फुटांची इशारा पातळी, ४५ फुटांची धोका पातळी या रेषा खाली घसरताना दिसतात. नदी चढायच्या जागी धोक्याची रेषाच उतरते. पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, तेव्हा अक्ष ० ते ६० फूट असा सुरुवातीलाच बांधून टाका. आडव्या अक्षावरही पंधराही दिवस पहिल्या फ्रेमपासून दिसू द्या. डोळा हालचालीकडे आपोआप ओढला जातो. म्हणून जे आकड्यांमध्ये बदलत नाही, ते पडद्यावरही हलता कामा नये.

वेग ठरवताना सोपं गणित धरा : एका तासाला एक फ्रेम, सेकंदाला २४ फ्रेम. म्हणजे एक दिवस बरोबर एका सेकंदात जातो आणि बघणारा मनातल्या मनात दिवस मोजू शकतो. ३६० नोंदींचे १५ सेकंद झाले. सुरुवातीला १ सेकंद आलेख स्थिर ठेवा, म्हणजे अक्ष वाचून होतात. रेषा ४० आणि ४५ फूट ओलांडते तिथे प्रत्येकी दीड सेकंद थांबा, शेवटी ३ सेकंद. सगळे मिळून २२ सेकंद, ५२८ फ्रेम. थांबताना तारखेचं घड्याळही थांबलेलं दिसलं पाहिजे. घड्याळ चालू ठेवून वेग गुपचूप कमी केला, तर पूर त्या टप्प्यावर संथ झाला असा खोटा अर्थ निघतो.

तीन गोष्टी एकदम हलवू नका. आधी फक्त पातळी दाखवा. दुसऱ्या फेरीत पूर्ण झालेली पातळी फिक्या राखाडी रंगात स्थिर ठेवून विसर्ग चालवा. पावसाचं आणखी एक पथ्य आहे. हवामान खात्याचा चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठ ते साडेआठ असा मोजला जातो. त्यामुळे स्तंभ दिवसभर हळूहळू उंचावताना दाखवला, तर न घेतलेली मोजमापं तुम्ही घडवली असं होईल. नऊच्या फ्रेमला तो एकदम उभा करा. नदीची पातळी सलग बदलते, म्हणून मधली एखादी नोंद नसेल तर आजूबाजूच्या दोन नोंदी सरळ रेषेनं जोडायला हरकत नाही. पण खऱ्या नोंदीवर ठिपका असू द्या.

मॅटप्लॉटलिब हे पायथन भाषेतलं आलेख काढायचं साधन वापरत असाल, तर दर फ्रेमला अक्ष पुसून सगळं पुन्हा काढू नका. त्यानं काम रेंगाळतं आणि अक्षाची ठेवणही हलते. रेषा एकदाच काढा, पुढे सेट-डेटा या आज्ञेनं फक्त तिचे बिंदू बदला. फंक-ॲनिमेशन या आज्ञेनं तयार झालेली वस्तू एखाद्या नावात साठवून ठेवा, नाहीतर पायथन ती कचरा समजून काढून टाकतो आणि खिडकीत चित्र गोठलेलं दिसतं. ब्लिट (फक्त बदललेला भाग पुन्हा काढायची सोय) चालू असताना वरच्या शीर्षकातली तारीख बदलत नाही, कारण शीर्षक अक्षांच्या चौकटीबाहेर असतं. तारीख चौकटीच्या आत, डावीकडून जुळवून लिहा. मध्यावर जुळवलेली तारीख आकडा बदलला की डावी-उजवीकडे थरथरते, आणि शेवटच्या बाकावरच्या मुलाचं लक्ष नेमकं तिथे जातं.

प्रश्न : आलेखावर मराठी लिहिलं की अक्षरं मोडतात. ‘स्थिती’ची पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाते, ‘पाण्याची’मध्ये पायमोडका ण आणि सुटा या दिसतो. तीन-चार फॉन्ट बदलून पाहिले.
– एमएस्सीचा विद्यार्थी, कराड

उत्तर : दोष फॉन्टचा नाही. देवनागरीत अक्षरं ओळीनं ठेवून भागत नाही. वेलांटी आधी आणणं, जोडाक्षर बांधणं, रफार वर चढवणं हे काम एका वेगळ्या टप्प्यावर होतं. मॅटप्लॉटलिबच्या सर्रास वापरात असलेल्या आवृत्त्यांमध्ये तो टप्पाच नाही. मॅनिम हे ॲनिमेशनचं आणि इंकस्केप हे चित्रं काढायचं साधन या कामासाठी पँगो ही अक्षरं जुळवणारी प्रणाली वापरतात, तिथे मराठी नीट उमटतं.

मॅटप्लॉटलिब सोडायची मात्र गरज नाही. अक्षांची नावं, एकक, ‘इशारा पातळी’, ‘धोका पातळी’ यातलं काहीच हलत नाही. मग ते ॲनिमेशनमध्ये कशाला हवं? इंकस्केपमध्ये १९२० बाय १०८० पिक्सेलचं पान घ्या, सगळी नावं मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरीत लिहा आणि पारदर्शक पीएनजी चित्र काढा. चित्रफिती बनवणाऱ्या एफएफएमपेग या साधनाच्या ओव्हरले फिल्टरनं हा थर चित्रफितीवर एकदाच बसवा. उरते बदलती तारीख. देवनागरी अंकांना ना वेलांटी ना जोडाक्षर, त्यामुळे ‘९’ किंवा ‘१४’ मॅटप्लॉटलिब बिनचूक काढतं, फक्त फॉन्ट देवनागरीचा द्या. ‘ऑगस्ट’मध्ये स्ट आहे, तो शब्द स्थिर थरात ठेवा. पायथन अंक इंग्रजी (1, 2, 3) देतो; ट्रान्सलेट या आज्ञेनं ते बदलून घ्या. एक काळजी घ्या : थर आणि आलेख दोन्हींचं माप पिक्सेलला पिक्सेल जुळलं पाहिजे. आकृती १० बाय ५.६२५ इंच आणि १९२ डीपीआय (इंचाला १९२ पिक्सेल) ठेवली की नेमके १९२० बाय १०८० येतात. कडेची जागा छाटणारी ‘टाइट’ सोय बंद ठेवा, तिनं माप बिघडतं.

प्रश्न : द्राक्षावरच्या डाउनी (केवडा) रोगाची वाढ दाखवणारी चित्रफीत पीएनजींपासून एफएफएमपेगनं बनवली. माझ्या लॅपटॉपवर व्हीएलसीत चालते, सभागृहातल्या संगणकावर काळा पडदा. व्हॉट्सॲपवर पाठवली तर पुसट होते. जीआयएफ केला तर पानाच्या रंगात पट्टे दिसतात.
– कृषी पदवीधर, तासगाव

उत्तर : काळा पडदा बहुधा रंगमांडणीमुळे येतो. पीएनजी दिले की एच.२६४ या प्रकारात चित्रफीत बांधणारा एन्कोडर स्वतःहून वाययूव्ही ४४४ (दर पिक्सेलचा पूर्ण रंग ठेवणारी मांडणी) निवडतो. व्हीएलसीला ते चालतं, पण अनेक साध्या प्लेअरना आणि फोनना चालत नाही. पिक्सेल फॉरमॅट वाययूव्ही ४२०पी असा स्पष्ट लिहा. मग लांबी आणि रुंदी दोन्ही सम लागतील; १०८१ पिक्सेल असेल, तर ‘दोननं भाग जात नाही’ असं सांगून काम थांबतं. सीआरएफ हा गुणवत्तेचा आकडा १८ द्या. मूळ नेमणूक २३ची असते आणि आकडा जितका लहान तितकं चित्र स्वच्छ.

४२० मध्ये रंगाची माहिती आडवी-उभी निम्मी होते, म्हणून गडद पार्श्वभूमीवरची बारीक लाल रेषा मळकट दिसते. रेषा किमान ४ पिक्सेल जाड ठेवा; १९२ डीपीआयला ते दीड पॉइंट होतात. अक्षरं १६ पॉइंटच्या खाली नकोत.

फ्रेमचा वेग आज्ञेत इनपुटच्या आधी लिहा. तो दिलाच नाही, तर एफएफएमपेग सेकंदाला २५ धरतो. इनपुटनंतर दिला, तर काही फ्रेम गळतात किंवा दुबार होतात. फायलींना ०००१ असे चार आकडी क्रमांक द्या, म्हणजे १ नंतर १० येत नाही.

जीआयएफमध्ये एका फ्रेमला जास्तीत जास्त २५६ रंग मिळतात, पट्टे त्याचेच. शिवाय त्यातला वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागांत मोजतात, म्हणून सेकंदाला २४ फ्रेम बसतच नाहीत. छायाचित्रासारखे रंग असतील तिथे जीआयएफचा नाद सोडा. व्हॉट्सॲपवर चित्रफीत ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, मग ती पुन्हा दाबून लहान केली जात नाही.

प्रश्न : कोयना परिसरातले १९६७पासूनचे भूकंप नकाशावर क्रमानं दाखवायचे आहेत. ठिपके इतके भराभर येतात-जातात की काहीच लक्षात राहत नाही. त्रिमितीत फिरवून पाहिलं, गोंधळ आणखी वाढला.
– भूशास्त्राचा संशोधक, सातारा

उत्तर : ठिपका एकाच फ्रेमपुरता आला तर तो सेकंदाचा चोविसावा भाग टिकतो, मान वळेपर्यंत गेलेला असतो. तो पूर्ण गडद उमटवा, १८ ते २४ फ्रेममध्ये फिका करत न्या आणि शेवटी फिक्या राखाडीत कायम ठेवा. म्हणजे आत्ता काय घडलं आणि आजवर कुठे कुठे घडलं, दोन्ही एकाच नकाशावर वाचता येतं. उमटताना पांढरा लखलखाट नको. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखणारं चित्र अपस्माराच्या रुग्णाला घातक ठरू शकतं.

वर्तुळाचं क्षेत्रफळ ऊर्जेच्या प्रमाणात ठेवण्याचा मोह टाळा. रिश्टरमध्ये एका अंकाला ऊर्जा सुमारे ३२ पट होते. ४ आणि ६ मध्ये हजारपट, म्हणजे व्यास ३२ पट. मोठा पडद्यात मावतो तेव्हा लहान दिसेनासा होतो. ३, ४, ५, ६ अशा ठरीव मापांची चार वर्तुळं घ्या आणि कोपऱ्यात त्यांची सूची द्या.

महिन्याला एक फ्रेम धरली तर सेकंदाला दोन वर्षं जातात, जवळपास अर्ध्या मिनिटात सगळा काळ येतो. पण डिसेंबर १९६७चे नंतरचे सगळे धक्के एकाच फ्रेममध्ये कोंबले जातील. त्यांची तासावार वेगळी चित्रफीत करा. एकाच फितीत घड्याळाचा वेग बदलू नका. वेळही तपासा. आंतरराष्ट्रीय यादीत मुख्य धक्का १० डिसेंबर, २२ वाजून ५१ मिनिटांनी दिसतो, कारण ती वेळ जागतिक आहे. साडेपाच तास मिळवले की ११ डिसेंबरची पहाट येते. पाटण खोऱ्यात ११ तारीख घरोघर माहीत आहे. पडद्यावर १० दिसली तर पुढच्या कशावरच विश्वास बसणार नाही.

सर्वांत गंभीर फसगत वेगळीच आहे. भूकंपमापक केंद्रं वाढत गेली तसे लहान धक्केही नोंदले जाऊ लागले. सगळी यादी जशीच्या तशी चालवली, तर भूकंप वाढत चालल्याचा भास होतो, आणि ॲनिमेशनमध्ये तो भास स्थिर आकृतीपेक्षा कितीतरी जोरकस असतो. ज्या तीव्रतेपासून वर संपूर्ण काळाची यादी पूर्ण आहे, तिथेच कापा आणि ती मर्यादा चित्रावर लिहा.

खोलीसाठी नकाशाखाली उभा छेद द्या आणि दोन्हीकडे तोच ठिपका एकाच फ्रेमला उमटवा. त्रिमिती हवीच असेल, तर पूर्ण फेरीऐवजी डावी-उजवीकडे १५-१५ अंशांचा संथ झोका पुरतो. खोलीचा अंदाज येतो आणि उत्तर दिशा हरवत नाही.

प्रश्न : संशोधनपत्रिका छापील आहे. ॲनिमेशन तिथे कसं द्यायचं?
– पीएचडीची विद्यार्थिनी, मिरज

उत्तर : त्यातल्या चार फ्रेम निवडा, समान अंतरानं नव्हे तर वळणाच्या जागी. पुराच्या आलेखात सुरुवात, ४० फूट, ४५ फूट आणि शिखर या त्या चार जागा. चारही चित्रांचे अक्ष एकसारखे ठेवा, प्रत्येकावर तारीख-वेळ लिहा. शेजारी किमान २ सेंटिमीटरचा क्यूआर कोड पांढऱ्यावर काळा छापा. त्यामागची चित्रफीत झेनोडोसारख्या ऑनलाइन संशोधन-साठ्यात ठेवा. तिथे कायमचा डीओआय (न बदलणारा ओळख-क्रमांक) मिळतो, खासगी ड्राइव्हच्या दुव्यासारखा तो मालकाचं खातं बंद झालं म्हणून मरत नाही. पीडीएफमध्येच हलती आकृती बसवणारं लाटेक या लेख मांडायच्या प्रणालीचं ‘ॲनिमेट’ पॅकेज आहे, पण ते ॲक्रोबॅट रीडरमध्ये चालतं. ब्राउझर आणि फोनमध्ये बहुतेक वेळा एकच स्थिर फ्रेम दिसते. तेव्हा ती पहिली फ्रेम रिकाम्या अक्षांची नको, पूर्ण झालेल्या आलेखाची ठेवा.