चिप्स, कर आणि टेबलाची रीत: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आम्ही चार मित्र पणजीला कॅसिनोत जाणार आहोत. जीएसटी चाळीस टक्के झाल्याचं वाचलं. तो जिंकलेल्या पैशांवर लागतो का? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर: नाही. हा कर कॅशियरच्या खिडकीवर चिप्स (पैशांऐवजी डावावर लावायच्या चकत्या) घेतानाच लागतो, मग तुम्ही जिंका की हरा. 1 ऑक्टोबर 2023 पासून चिप्ससाठी दिलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी होता, 22 सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के झाला. ऑक्टोबर 2023 च्या आधी कर बसायचा तो कॅसिनोला सुटलेल्या रकमेवर, त्यामुळे खेळणाऱ्याला त्याची झळ फारशी लागत नसे.

तुमच्या कामाच्या दोन गोष्टी. जिंकलेल्या चिप्स पुन्हा डावावर लावल्या तर त्यांवर नव्याने कर नाही. पण न वापरलेल्या चिप्स परत करून पैसे घेतले, तरी त्यांवर भरलेला कर परत येत नाही. नियमातच तशी तरतूद आहे. म्हणून वीस हजारांच्या चिप्स एकदम घेऊ नका. पाच हजारांच्या घ्या, संपल्या आणि अजून खेळायचंच असेल तर पुढच्या पाच हजारांच्या घ्या. जेवायला उठताना चिप्स खिशात ठेवा. ‘आत्ता रोख करू, जेवून पुन्हा घेऊ’ असं केलंत तर त्याच पैशांवर दुसऱ्यांदा कर भराल. कॅसिनोच्या बोटीवरून उतरण्यापूर्वी मात्र सगळ्या चिप्स वटवा, शेजारच्या बोटीवर त्या चालणार नाहीत.

कर रकमेच्या वर लावतात की रकमेतच धरतात, हे खिडकीवर आधी विचारा. सरळ प्रश्न असा: ‘दहा हजार दिले तर हातात किती रुपयांच्या चिप्स येतील?’ कर आतच धरला असेल तर उत्तर सुमारे 7,143 येईल. वरून लावला तर दहा हजारांच्या चिप्सना चौदा हजार पडतील. एका शून्याच्या रूलेटवर (0 ते 36 आकड्यांच्या फिरत्या चाकावर) कॅसिनोचा वाटा 2.7 टक्के असतो, म्हणजे दहा हजार एकदा फिरवले तर सरासरी 270 रुपये. त्या चार हजारांच्या कराइतकं नुकसान चाकाने करायचं, तर तुम्हाला जवळजवळ दीड लाख रुपये डावावर लावावे लागतील. लोक नशीबवान टेबल शोधत बोटभर फिरतात आणि खिडकीवर मात्र काही न विचारता नोटा सरकवतात!

जिंकलेल्या रकमेवरचा आयकर वेगळा: 30 टक्के, वर उपकर. त्यातून हरलेली रक्कम वजा करता येत नाही.

प्रश्न: प्रवेशाच्या पॅकेजमध्ये ‘वन टाइम प्ले’ चिप्स मिळतात. त्या कुठे लावाव्यात? (वाचक, नाशिक)

उत्तर: ही चिप जिंकलात तरी डीलर (टेबल चालवणारा कर्मचारी) उचलून घेतो, तुम्हाला फक्त जिंकलेली रक्कम मिळते. त्यामुळे हजाराची अशी चिप म्हणजे हजार रुपये नव्हेत. रूलेटवर लाल-काळ्यावर लावली तर तिची सरासरी किंमत 18/37 गुणिले हजार, म्हणजे 486 रुपये. बारा आकड्यांच्या गटावर, जिथे एकास दोन मिळतात, 649. एकाच आकड्यावर, एकास पस्तीस दराने, 946. चिप जाणारच आहे, म्हणून मोठा दर देणारी जागा फायद्याची. स्वतःच्या पैशांनी खेळताना हा फरक नसतो, तिथे या तिन्ही जागांवर कॅसिनोचा वाटा सारखाच. आकड्यावर सदतिसात छत्तीस वेळा हात रिकामा राहील, ते चालत नसेल तर बारांचा गट बरा. काही ठिकाणी या चिप्स फक्त लाल-काळा, सम-विषम अशाच जागांवर चालतात. आधी विचारून घ्या.

प्रश्न: पहिल्यांदाच जातोय. टेबलावर हसं होऊ नये म्हणून काय पाळावं? (वाचक, सोलापूर)

उत्तर: बहुतेक नियम छतावरच्या कॅमेऱ्यासाठी आहेत, हे लक्षात ठेवलं की ते पाठ करावे लागत नाहीत. पैसे डीलरच्या हातात देऊ नका, टेबलावर ठेवा. तो नोटा पसरून मोजतो, कारण वाद झालाच तर निकाल चित्रीकरण बघून लागतो. ब्लॅकजॅकमध्येही (एकवीसच्या वर न जाता डीलरपेक्षा जास्त बेरीज करायचा पत्त्यांचा खेळ) तोंडी सांगून भागत नाही: पान हवं असेल तर बोटाने टेबलावर टकटक करा, नको असेल तर तळहात आडवा फिरवा. पानं उघडी वाटली असतील तर त्यांना हात लावायचा नाही. एकदा पानं सुटली की मूळ डावाच्या चिप्सना स्पर्शही नको. डबल, म्हणजे डाव दुप्पट, करायचं असेल तर नव्या चिप्स शेजारी ठेवा, वर रचू नका. वर रचलेली चिप आधीची की आत्ताची, हे कॅमेऱ्याला कळत नाही.

रूलेटवर डीलरने टेबलावरून हात फिरवून ‘नो मोअर बेट्स’ म्हटलं की थांबा. आलेल्या आकड्यावर तो एक खूण ठेवतो. ती उचलेपर्यंत टेबलावर काही ठेवायचं नाही, जिंकलेलं उचलायचंही नाही. नवखे सर्वांत जास्त इथेच चुकतात. रूलेटच्या रंगीत चिप्स त्या टेबलापुरत्याच असतात. तुमच्या रंगाची किंमत चिप्स घेताना ठरते आणि फक्त त्या टेबलाला माहीत असते. उठताना त्या डीलरकडे सरकवून नेहमीच्या चिप्स मागून घ्या.

टिप ऐच्छिक आहे. द्यायचीच तर चिप पुढे सरकवून ‘फॉर डीलर’ म्हणा. फोन खिशात. बोटीवर वयाची अट 21 वर्षांची आहे, ओळखपत्र जवळ ठेवा. बरोबर गोव्याचा रहिवासी मित्र असेल तर त्याला आधीच कल्पना द्या: 2020 पासून गोवेकरांना खेळायला मनाई आहे.

प्रश्न: ब्लॅकजॅकला शेवटच्या खुर्चीवरच्याने उगाच पान घेतलं की सगळं टेबल बुडतं. त्याला टोकावं का? (वाचक, पुणे)

उत्तर: टोकू नका. त्याने घेतलं ते पान नाहीतर डीलरला गेलं असतं, हे खरं. पण त्याने घेतलेल्या पानामुळे डीलर जितक्या वेळा वाचतो, तितक्याच वेळा एकवीसच्या वर जाऊन बुडतोही. बुडालेला आपल्या लक्षात राहत नाही, एवढंच. फारच राग येत असेल तर टेबल बदला.

प्रश्न: अंदर-बाहरमध्ये, म्हणजे मधल्या पानाच्या जोडीचं पान कोणत्या बाजूला पडेल यावरच्या खेळात, अंदर लावावं की बाहर? (वाचक, सावंतवाडी)

उत्तर: पहिलं पान ज्या बाजूला पडतं ती बाजू सुमारे 51.5 टक्के वेळा जिंकते. म्हणून अनेक टेबलांवर त्या बाजूला शंभराला नव्वदच देतात. तसं असेल तर त्या बाजूवर कॅसिनोचा वाटा 2.15 टक्के आणि दुसऱ्या बाजूवर 3 टक्के पडतो. फरक थोडा आहे, पण फुकटचा आहे. पहिलं पान कुठे पडतं ते टेबलागणिक बदलतं, म्हणून एक डाव नुसता बघा.

प्रश्न: मी न्यू जर्सीत राहतो, अटलांटिक सिटीला जाणं होतं. तिथल्या ‘6:5’ टेबलांबद्दल ऐकतो. आणि यंदा कराचे नियम बदललेत का? (वाचक, एडिसन)

उत्तर: 6:5 लिहिलेल्या टेबलावर बसू नका. 25 डॉलर लावून ब्लॅकजॅक (पहिल्याच दोन पानांत एक्का आणि दहाच्या किमतीचं पान) आला तर 3:2 ला साडेसदतीस मिळतात, 6:5 ला तीसच. साधारण एकवीस हातांमागे एक ब्लॅकजॅक येतो. तासाला साठ हात धरले तर या एका नियमापायी तासाला 21 डॉलर जातात. दर टेबलाच्या कापडावर छापलेला असतो, चिप्स ठेवण्याआधी तो वाचा.

कराचं म्हणाल तर, 2026 च्या कर वर्षापासून अमेरिकेच्या केंद्रीय करात हरलेल्या रकमेपैकी 90 टक्केच वजा होतात. वर्षभरात पन्नास हजार जिंकलात आणि पन्नास हजारच हरलात, तरी पाच हजारांवर कर लागेल. ही वजावटही खर्च तपशीलवार दाखवणाऱ्यांनाच मिळते, म्हणून तारीख, ठिकाण, खेळ आणि रक्कम त्या-त्या दिवशीच लिहून ठेवा. मार्चमध्ये आठवणीने केलेली यादी कर खात्यापुढे टिकत नाही.